भरल्या घरात बाळावर लक्ष कोणाचे? रांगते बाळ आणि घरचा कुत्रा : एक प्रकरण अभ्यास

गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यात, संध्याकाळी सातच्या सुमारास, पुण्याच्या पश्चिम भागातील एका सदनिकेत साडेआठ महिन्यांच्या मुलीला घरच्या कुत्र्याने गालावर दात लावले. कुत्रा लॅब्रॅडॉर जातीचा नर, नसबंदी झालेला, साडेसहा वर्षांचा. घरात त्याला बंड्या म्हणत. त्याने यापूर्वी कोणालाही चावा घेतला नव्हता. घरात त्या वेळी पाच प्रौढ माणसे होती आणि पाचही जण बाळाच्या जिवाला जपणारी होती. हे प्रकरण सविस्तर मांडण्याचे मुख्य कारण हेच आहे. बाळाला एकटे टाकून कोणी गेले नव्हते, कुत्रा पिसाळलेला नव्हता, घरात हिंसेचे वातावरण नव्हते. तरीही दुखापत झाली, आणि नंतर मागे वळून पाहिले असता तिच्याकडे जाणारी वाट कित्येक महिने सर्वांच्या डोळ्यांसमोर होती असे दिसून आले. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील येथे गाळले आहेत.

घटना

सदनिका टू बीएचके पद्धतीची आहे. पुढे दिवाणखाना, त्याला लागून स्वयंपाकघर, आणि मधल्या बोळातून आत गेल्यावर दोन झोपण्याच्या खोल्या. बंड्या दिवाणखान्यात जेवणाच्या टेबलाखाली त्याच्या गोधडीवर पडला होता. जवळच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव चालू होता. त्या आवाजाने तो गेले काही आठवडे संध्याकाळी टेबलाखालून बाहेर येत नसे. बाळाची आई डोके धुण्यासाठी न्हाणीघरात होती. वडील आतल्या खोलीत कार्यालयाच्या बैठकीत कानाला हेडफोन लावून बसले होते. आजी स्वयंपाकघरात बाळाची नाचणीची खीर ढवळत होत्या. आजोबा दिवाणखान्यातच बातम्या पाहत होते, आणि सणासाठी आलेली आत्या सतरंजीवर बाळाशी खेळत होती. दाराची घंटा वाजली, आत्या उठून दारापाशी गेली आणि मखराचे सामान घेऊन आलेल्या मुलाशी पैशांचे बोलत उभी राहिली. आपण उठलो तरी आजोबा समोर बसले आहेत, असे तिने गृहीत धरले. आजोबांनी आत्या बाळापाशी आहे असे गृहीत धरले होते, कारण क्षणापूर्वी ती तिथेच होती.

बाळ रांगत टेबलाखाली गेले, उजव्या हाताने त्याने कुत्र्याचा डावा कान मुठीत धरला आणि दुसरा हात त्याच्या मागच्या पायावर टेकवून उभे राहण्याचा प्रयत्न केला. कुत्र्याने मान वळवून एकदाच तोंड मारले आणि लगेच टेबलाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून तो बोळात जाऊन उभा राहिला. बाळाच्या डाव्या गालावर, डोळ्याखाली दोन बोटे अंतरावर, सुमारे दीड सेंटिमीटर लांबीची आडवी जखम झाली. त्वचा फाटली होती आणि रक्त येत होते. जखम गालावर होण्यामागे काही दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. रांगणाऱ्या बाळाचे तोंड आणि पडलेल्या कुत्र्याचे तोंड एकाच उंचीवर असते, म्हणून या वयातील चावे बहुतांशी डोके, चेहरा आणि मानेवरच होतात, तर मोठ्या माणसांना ते हातापायांवर होतात.

आजी हळदीचा डबा घेऊन धावल्या. तेवढ्यात वडिलांनी बालरोगतज्ज्ञांना दूरध्वनी केला होता आणि त्यांनी पहिली सूचना दिली ती हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काहीही जखमेवर न लावण्याची. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा, डोळ्यात साबण जाऊ देऊ नका, पट्टी बांधू नका आणि तसेच रुग्णालयात या, असे त्यांनी सांगितले. रडणाऱ्या बाळाचा गाल पंधरा मिनिटे धुणे हे लिहिण्याइतके सोपे नाही. दोघांनी धरले आणि तिसऱ्याने घड्याळ पाहिले. ही एकच गोष्ट त्या संध्याकाळी निर्विवाद योग्य झाली, कारण रेबीजचा विषाणू जखमेतूनच धुऊन काढणे हा त्यापासून बचावाचा पहिला आणि अत्यंत परिणामकारक भाग आहे.

रुग्णालयात जखम तिसऱ्या श्रेणीची ठरवण्यात आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीनुसार प्राण्याने धड त्वचेला चाटणे ही पहिली श्रेणी, रक्त न येणारा ओरखडा ही दुसरी, आणि त्वचा भेदून गेलेला एकही चावा किंवा ओरखडा ही तिसरी. तिसऱ्या श्रेणीत लशीबरोबरच इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिपिंडांचे औषध जखमेत आणि तिच्या भोवती टोचावे लागते, कारण लशीमुळे शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास दिवस लागतात आणि चेहऱ्यावरील जखमेपासून मेंदूपर्यंतचे अंतर फार थोडे असते. इम्युनोग्लोब्युलिनची मात्रा वजनावर ठरते; लशीची मात्रा मात्र बाळ लहान म्हणून कमी केली जात नाही. स्नायूत टोचायची लस असेल तर पहिल्या मात्रेचा दिवस शून्य धरून पुढे ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी ती दिली जाते, आणि तान्ह्या बाळाला ती मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात देतात, कुल्ल्यात नव्हे. धनुर्वाताविरुद्धची लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांच्या नियमित लसीकरणात मिळालेली होती.

येथे एक अप्रिय गोष्ट उघड झाली. बंड्याची लसीकरणाची पुस्तिका काढली, तेव्हा त्याची रेबीजची वार्षिक लस डिसेंबरमध्ये द्यायची राहून गेली असल्याचे दिसले. डिसेंबर हा बाळाच्या जन्माचा महिना. बाळाच्या लशींचे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेले होते, कुत्र्याची पुस्तिका कपाटात होती. अर्थात लस वेळेवर झालेली असती तरी उपचार सुरूच करावे लागले असते. घरचा कुत्रा आहे, लस झाली आहे, मग बाळाला सुया कशाला, हा युक्तिवाद आपल्याकडे फार ऐकू येतो आणि रेबीज एकदा झाला की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक असल्यामुळे या युक्तिवादावर पैज लावता येत नाही. कुत्रा दहा दिवस घरातच निरीक्षणाखाली ठेवण्यात आला आणि तो ठणठणीत राहिला; त्यानंतर उरलेल्या मात्रांचा निर्णय डॉक्टरांनी घेतला.

घटनेपूर्वीचे महिने

कुत्र्याच्या वर्तनाचा सल्लागार म्हणून मला हे कुटुंब निरीक्षणाचे दिवस चालू असतानाच भेटले. पहिली विचारणा होती ती कुत्रा “कुठेतरी द्यावा” का, याची. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी गेल्या वर्षभरात कुत्र्याच्या आयुष्यात काय काय बदलले, हे विचारणे आवश्यक होते.

बाळाची आई सातव्या महिन्यात माहेरी कराडला गेली आणि बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर मार्चमध्ये परतली. पहिले बाळंतपण माहेरी होण्याची आपली पद्धत कुत्रा असलेल्या घरासाठी एका अर्थाने सोयीची आणि दुसऱ्या अर्थाने अवघड आहे. सोयीची अशासाठी, की तान्हे बाळ, बाळंतीण, मालिशवाली बाई, बारशाची गर्दी हे सर्व कुत्र्याच्या घराबाहेर पार पडते. अवघड अशासाठी, की कुत्र्याला घरातील मुख्य माणूस पाच-सहा महिने दिसत नाही आणि मग एके दिवशी ते माणूस परत येते तेच एक रडणारे, दुधाचा आणि तेलाचा वास येणारे गाठोडे छातीशी धरून. बहुतेक परदेशी मार्गदर्शनात आई दोन-तीन दिवसांनी रुग्णालयातून घरी येते असे धरलेले असते. आपल्याकडील परिस्थितीला ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

या कुटुंबाने ही पहिली भेट खरोखर चांगली हाताळली होती. वडिलांनी कराडहून बाळाचे वापरलेले दुपटे आणून ठेवले होते आणि तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज आधी हळू, मग हळूहळू मोठा लावून बंड्याला त्याची सवय केली होती. आई परत आली तेव्हा बाळ गाडीत आजीकडे ठेवून ती आधी एकटीच घरात आली, बंड्याचा आनंद ओसरू दिला, आणि मग बाळ आत आणले गेले, तेही कुत्रा पट्ट्यावर असताना. पुढचे तीन महिने काहीही घडले नाही. माझ्या मते सर्व अडचणीची सुरुवात इथूनच झाली. तीन महिन्यांच्या बाळाशी कुत्र्याचे जुळले, म्हणजे प्रश्न सुटला, असा घरातील सर्वांचा समज झाला. पाळण्यातले बाळ आणि रांगणारे बाळ हे कुत्र्याच्या दृष्टीने दोन वेगळे प्राणी आहेत. पहिले एका जागी राहते आणि त्याच्यापासून दूर जाता येते. दुसरे आपल्या मागे येते.

जून महिन्यात उष्टावण झाले आणि बाळ घरातील अन्नाचा नवा उगम बनले. आजी बाळाला सतरंजीवर बसवून भरवत. वरणभात, मऊ पोळी, खीर यांचे शिंतोडे फरशीवर पडत आणि बंड्या ते चाटून साफ करी. सर्वांना हे गोड वाटे आणि फरशी पुसण्याचे कामही वाचे. परंतु यातून कुत्र्याने दोन गोष्टी शिकल्या. बाळाच्या भोवतीची जागा ही अन्नाची जागा आहे, आणि त्या जागेत जो पहिला पोहोचतो त्याला मिळते. जमिनीवर बसून जेवणे-खेळणे ही आपल्या घरांची रीत आहे आणि ती बदलावी असे मी म्हणणार नाही. मात्र बाळ, अन्न आणि कुत्रा या तिघांनी एकाच वेळी जमिनीवर असणे टाळता येते.

याच काळातील एक छायाचित्र कुटुंबाने मला दाखवले. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ते “दादा आणि छोटी ताई” अशा ओळीसह गेले होते. बाळ दुपट्यावर पालथे आहे आणि त्याची एक मूठ कुत्र्याच्या मानेच्या सैल कातडीत आहे. कुत्र्याचे तोंड बाळाच्या विरुद्ध दिशेला वळलेले आहे. कान मागे चिकटले आहेत, तोंड घट्ट मिटलेले आहे, जिभेचे टोक नाकाला लागले आहे, आणि डोळा मात्र बाळाकडे राहिल्याने त्याच्या कडेला बुबुळाबाहेरच्या पांढऱ्या भागाची चंद्रकोर दिसते. पुढचा एक पंजा जमिनीवरून किंचित उचललेला आहे. ज्याला कुत्र्याची देहबोली वाचता येते, त्याला हे छायाचित्र स्पष्ट सांगते की याला येथून उठून जायचे आहे आणि मार्ग सापडत नाही. “किती सोशिक आहे!” असे त्याखाली अनेकांनी लिहिले होते, आणि तो सोशिक होता हे खरेच आहे.

जुलैमध्ये बाळ रांगू लागले. एके दुपारी ते बंड्याच्या गोधडीवर गेले तेव्हा तो प्रथमच गुरगुरला. आजोबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या तोंडावर मारली आणि त्याला बाल्कनीत बंद केले. पुढच्या दोन आठवड्यांत असेच आणखी काही वेळा घडले. मग गुरगुरणे थांबले आणि “त्याला समजले” असा निष्कर्ष घरात काढण्यात आला.

या प्रकरणात एखाद्या मुद्द्यावर थांबायचे असेल तर तो हा आहे. कुत्रा अंगावर येण्याआधी बऱ्याच पायऱ्या चढतो. जांभई देतो, ओठ चाटतो, मान फिरवतो, उठून दूर जातो, शरीर ताठ करून स्तब्ध होतो, गुरगुरतो, दात दाखवतो. गुरगुरणे ही त्यांपैकी अशी पायरी आहे की जी देहबोली न कळणाऱ्या माणसालाही ऐकू येते. तिच्याबद्दल मार दिला, तर कुत्र्याची अस्वस्थता तशीच राहते, उलट बाळ जवळ आले की मार बसतो हा नवा अनुभव तिच्यात मिसळतो. नाहीशी होते ती फक्त सूचना. ऑगस्टमधील त्या संध्याकाळी आजोबा तीन हातांवर बसले होते. बंड्या गुरगुरला असता तर त्यांचे लक्ष दूरदर्शनवरून नक्की वळले असते. तो गुरगुरला नाही, कारण त्याला ते न करण्यास शिकवले गेले होते. आजोबांना दोष देण्याचा येथे हेतू नाही. कुत्रा बाळावर गुरगुरल्यावर त्याला शिक्षा करावी, हे आपल्याकडे दहापैकी नऊ माणसे सांगतील, आणि त्यांत कुत्री पाळण्याचा दांडगा अनुभव असलेली माणसेही असतील.

तपासणीत काय आढळले

सहा वर्षे कोणावरही दात न लावलेला कुत्रा अचानक तसे करतो, तेव्हा वर्तनाचा विचार करण्याआधी त्याचे शरीर तपासले पाहिजे. पशुवैद्यकाच्या तपासणीत बंड्याच्या डाव्या कानात तपकिरी, उग्र वासाचा स्राव आणि आतील कातडीला सूज आढळली. लोंबत्या कानांच्या कुत्र्यांना पावसाळ्याच्या दमट हवेत हा बुरशीचा आणि जंतूंचा त्रास वारंवार होतो. घरच्यांना तो कान खाजवतो एवढेच माहीत होते. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांच्या सांध्यांत झीज आणि संधिवात दिसला, उजव्या बाजूला अधिक. वजन ४१ किलो भरले. या जातीच्या नराचे वजन साधारण २९ ते ३६ किलो असावे, म्हणजे दुखऱ्या सांध्यांवर किमान पाच किलो जादा भार होता. पावसामुळे आणि घरातील धावपळीमुळे त्याचे फिरणे इमारतीखाली एक चक्कर एवढ्यावर आले होते.

आता घटनेचा तो क्षण पुन्हा पाहावा. बाळाने नेमका सुजलेला कान ओढला आणि नेमक्या दुखऱ्या खुब्यावर भार टाकला. कुत्रा आवाजाने आधीच भेदरून टेबलाखाली दडलेला होता आणि टेबलाच्या एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खुर्च्यांचे पाय होते. शिवाय स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता. एवढी कारणे एकत्र आली नसती तर कदाचित त्या दिवशी काही घडले नसते. मात्र ती एकत्र येण्यापासून रोखणारे काहीही त्या घरात नव्हते.

येथे जाता जाता एक सूचना करावीशी वाटते. कुत्र्याला दुखते आहे असे कळल्यावर घरातील औषधाच्या डब्यातून त्याला गोळी काढून देण्याचा मोह होतो. आयबुप्रोफेनसारखी माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना गंभीर इजा करू शकतात. बंड्याला पशुवैद्यकानेच कुत्र्यांसाठीचे औषध दिले, कानाचे उपचार सुरू केले आणि आहार मोजून देण्यास सांगितले.

निर्णय

कुटुंबात मतभेद होते. आजींना कुत्रा त्याच दिवशी घराबाहेर हवा होता. वडिलांना तो जाऊ द्यायचा नव्हता, आणि आईची भीती व ओढ दोन्ही खऱ्या होत्या. एका नातेवाइकाने मुळशीच्या बाजूला “मोकळ्या रानात” सोडून देण्याचा सल्ला दिला होता. पाळीव प्राण्याला असे टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि सहा वर्षे घरात वाढलेला संधिवाताचा कुत्रा रानात किती दिवस जगेल हे सांगण्याची गरज नाही.

मी कुत्रा ठेवण्याच्या बाजूने मत दिले, पण ते कुत्र्यावरील विश्वासातून दिलेले नव्हते. एकच तोंड मारून तो स्वतः मागे हटला, दात खोल रुतवले नाहीत, कारण ओळखता येण्याजोगे आणि बऱ्याच अंशी उपचार होण्याजोगे होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घराचे दोन भाग करणे शक्य होते. यांतील शेवटची अट पूर्ण होत नसती तर माझे मत वेगळे असते. एका खोलीच्या घरात, जिथे बाळाचा पाळणा, चूल आणि कुत्रा यांच्यामध्ये भिंतच नाही, तिथे असा चावा झाल्यावर कुत्र्यासाठी दुसरे योग्य कुटुंब शोधणे, आणि त्या कुटुंबाला चाव्याची माहिती न लपवता देणे, हेच जबाबदारीचे ठरले असते. तसेच कुत्रा बाळाकडे टक लावून दबकत जात असता, किंवा त्याने एकाहून अधिक वेळा खोल चावा घेतला असता, तर घर कितीही मोठे असूनही मी ठेवण्याचा सल्ला दिला नसता.

घराची नवी मांडणी

बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसवण्यात आले. बाजारात मिळणारी, केवळ दाबावर उभी राहणारी बेबी गेट ४१ किलोचा कुत्रा अंगाने रेलला तरी निसटतात, म्हणून ते भिंतीत स्क्रूने पक्के केले. उभ्या गजांमधून बाळाचा हात पलीकडे जातो हे पहिल्याच दिवशी लक्षात आल्याने खालच्या अर्ध्या भागाला बारीक जाळी लावली. दिवसा बाळ दिवाणखान्यात आणि बंड्या बोळ व आतल्या खोलीत. रात्री बाळ आईवडिलांच्या खोलीत दार लावून आणि बंड्या दिवाणखान्यात, अशी अदलाबदल ठरली. टेबलाखालची गोधडी उचलून आतल्या खोलीच्या कोपऱ्यात नेली, जिथे ढोलांचा आवाजही कमी पोहोचत होता. बाळाचे भरवणे खुर्चीत आणि फाटकाच्या अलीकडे होऊ लागले.

दोघांना एका बाजूला आणायचे तर दोन्ही अटी पाळूनच: कुत्रा पट्ट्यावर आणि पट्टा एका प्रौढाच्या हातात, बाळ दुसऱ्या प्रौढाच्या मांडीवर; आणि तेही थोडा वेळ. बाळाला कुत्र्याकडे न्यायचे नाही. कुत्रा स्वतःहून आला तर ठीक, मान फिरवून गेला तर त्याला जाऊ द्यायचे आणि गेल्याबद्दल शाबासकी द्यायची. दूर जाणे हा फायद्याचा मार्ग आहे हे त्याला शिकवणे, बाळाला सहन करायला शिकवण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे असते. जाळीचे मुसकेही आणले. त्याच्या आत दही लावून ते चाटण्याची, मग काही क्षण घालून ठेवण्याची सवय काही आठवड्यांत लावली. मुसके पाहुण्यांच्या गर्दीतून कुत्र्याला बाहेर नेताना कामी येते. ते घातले म्हणून कुत्र्याला बाळापाशी मोकळे सोडणे मात्र चुकीचे आहे, कारण मुसक्यासकट मारलेली धडकही बाळाला इजा करते.

फाटकापेक्षाही अवघड ठरली ती माणसांची मांडणी. घरात पाच माणसे असली की लक्ष पाचपट होत नाही. ते पाचांत वाटले जाऊन कोणाच्याच वाट्याला पुरेसे येत नाही. त्यामुळे नियम असा केला की ज्या कोणाकडे बाळ असेल त्याने उठताना मोठ्याने “बाबा, बाळ तुमच्याकडे” असे म्हणायचे, आणि समोरून “हो, माझ्याकडे” असे उत्तर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. उत्तर आले नाही तर बाळाला कडेवर घेऊन जायचे. पहिले काही दिवस सर्वांना हे नाटकी वाटले. आजोबांना सुनेने असे विचारणे थोडे टोचलेही. पण दाराची घंटा, कुकरची शिट्टी, वाजणारा फोन या तीन गोष्टींनी दिवसातून किती वेळा माणूस उठतो, हे मोठ्याने बोलावे लागल्यामुळे प्रथमच सर्वांच्या लक्षात आले. घरकामाला येणाऱ्या मावशींनाही हा नियम आणि फाटकाची कडी समजावून सांगितली, कारण सकाळी दोन तास फाटक उघडण्या-लावण्याचे काम बहुतेक त्यांच्याच हातून होणार होते.

गुरगुरण्याबद्दलची सूचना वेगळी लिहून दिली. कुत्रा गुरगुरला तर ओरडायचे नाही, मारायचे नाही. बाळाला उचलायचे, कुत्र्याला जाण्यासाठी वाट मोकळी करायची आणि काय चालू असताना तो गुरगुरला हे वहीत लिहायचे. याखेरीज रेबीजची लस निरीक्षणाचे दिवस संपल्यावर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने देण्यात आली, जंतांचे औषध आणि गोचिडांवरील उपचार यांच्या तारखा ठरवण्यात आल्या, आणि बंड्याची पुस्तिकाही फ्रिजवर आली. रांगणारे बाळ हात जमिनीवर टेकवते आणि तेच तोंडात घालते, त्यामुळे कुत्र्याच्या आतड्यातील जंतांचा प्रश्न बाळाचाही असतो.

पुढील महिने

कानाचा त्रास काही आठवड्यांत गेला. वेदनाशामक सुरू झाल्यावर बंड्या जिन्याच्या पायऱ्या न थांबता चढू लागला आणि दिवाळीपर्यंत त्याचे वजन ३८ किलोंवर आले. सकाळ-संध्याकाळ सपाट रस्त्यावर हळू चालणे वडिलांनी नेमाने सांभाळले. वहीत गुरगुरण्याच्या काही नोंदी झाल्या, आणि कुटुंबाला प्रथम त्या वाचून धक्का बसला. मला मात्र त्यांचे समाधान वाटले. त्यांतील बहुतेक नोंदी बाळ फाटकाच्या जाळीला धरून उभे राहिले आणि बंड्या जवळच झोपलेला होता अशा वेळच्या होत्या. त्यावरून त्याची गोधडी फाटकापासून आणखी दूर सरकवली.

दिवाळीत फटाक्यांमुळे तो पुन्हा बिघडला. आतल्या खोलीत पडदे लावून, पंखा मोठा करून, पशुवैद्यकाने दिलेल्या औषधासह ते दिवस काढले आणि त्या आठवड्यात त्याला बाळासमोर अजिबात आणले नाही. डिसेंबरमध्ये बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला चाळीसएक पाहुणे यायचे होते. बंड्याला मुसके घालून एका कोपऱ्यात बसवावे, सर्वांना भेटता येईल, असा बेत होता. माझ्या आग्रहावरून त्याला दोन दिवस ओळखीच्या मित्राकडे ठेवले. लहान मुलांनी भरलेल्या खोलीत कुत्र्याने चांगले वागून दाखवावे ही अपेक्षाच मुळात कशासाठी, याचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

एकदा फाटक उघडे राहिले. मावशी पोछा मारून गेल्या, कडी लागली नाही, आणि आई स्वयंपाकघरातून आली तेव्हा बंड्या दिवाणखान्यात बाळापासून काही फुटांवर उभा होता. काही घडले नाही, पण माणसाच्या आठवणीवर अवलंबून असलेली कडी पुरेशी नाही हे ठरले आणि फाटकाला आपोआप मिटणारी स्प्रिंग बसवली. आजोबांना गुरगुरण्याबद्दलचे माझे म्हणणे पूर्णतः पटलेले नाही. ते हात उचलत नाहीत एवढ्यावर आम्ही समाधान मानले आहे. आजी बंड्याच्या जवळ अजून जात नाहीत, आणि त्यांनी जावे असा कोणाचा आग्रहही नाही.

मुलगी सव्वा वर्षाची झाल्यावर चालू लागली आणि कुत्र्याला हाक मारू लागली. या टप्प्यावर तिला काही शिकवण्यास सुरुवात झाली: बंड्या झोपला की जायचे नाही, त्याच्या ताटलीला हात लावायचा नाही, आणि हात लावायचा तर आईच्या मांडीवर बसून, त्याच्या खांद्यापाशी, उघड्या तळहाताने. एवढ्या वयाचे मूल हे नियम पाळील असे गृहीत धरलेले नाही. ते पाळण्याची जबाबदारी मोठ्यांचीच आहे. सोळाव्या महिन्यात तिने स्टुलावर चढून फाटकाची कडी वर उचलण्याची युक्ती साधली. त्याच आठवड्यात कडी बदलून दोन हातांनी एकाच वेळी दाबावी लागणारी बसवली, आणि स्टूल स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेले.